अठ्ठावन्न, कशावरून?

आमच्या सरांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला एक दोरा बांधलेला असे आणि त्या दोऱ्याच्या टोकाला पेन्सिल. खिशात ठेवलेली पेन्सिल हरवते आणि कानावर ठेवलेली पडते, हे म्हणे त्यांनी महिनाभर नोंद ठेवून पाहिलं होतं. खोडरबर मात्र मोकळंच असे, उजव्या खिशात. बोलताना त्यांचा हात आपसूक तिथे जाई. त्या खोडरबराला आमच्या वर्गात जी किंमत होती ती प्राचार्यांच्या सहीलाही नव्हती. ती कशी आली, हे सांगायला बसलं की मला आधी स्वतःची एक लबाडी कबूल करावी लागते. तीही सांगणारच आहे, पण जरा थांबून.

साठ सालानंतरचे ते दिवस. नंदुरबारला कॉलेज नुकतंच निघालं होतं. आमचे वर्ग एका जुन्या गोदामात भरत. मागच्या मोकळ्या जागेत मिरच्यांच्या पथाऱ्या पडलेल्या असत. वारा उलटा फिरला की अख्खा वर्ग शिंकत सुटे आणि सर फळ्याकडे तोंड करून शिंका मोजत. एकदा मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "खिडकीजवळच्यांपेक्षा मागच्या बाकावरचे जास्त शिंकतात. का बरं?" भूगोलाचा तास त्या दिवशी तिथेच संपला.

सर मूळचे कुठले, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की म्हणत, "तुम्हाला कुठला वाटतो? कशावरून?" या 'कशावरून'चा त्यांनी इतका पिच्छा पुरवला होता की गावात त्यांचं नावच 'कशावरून सर' पडलं. तेलघाण्यामागच्या एका खोलीत एकटे राहत. उंच, किंचित वाकलेले, पायात तपकिरी कॅनव्हासचे बूट आणि हातात बाजाराची पिशवी. पिशवीत भाजी क्वचित, आमचे कागद नेहमी. मुलं असोत, मुली असोत, सगळ्यांना अहो-जाहो करत. सतरा-अठरा वर्षांच्या आम्हा पोरींना आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'तुम्ही' म्हटलं ते त्यांनी.

रस्त्यात दिसेल त्याला ते काहीतरी विचारत. अक्कलकुव्याला जाणारी एस. टी. त्यांनी एकदा चांगली दहा मिनिटं थांबवून धरली होती. फाट्यावर उतरणारी माणसं नेहमी डाव्या हातालाच का वळतात, हे त्यांना कंडक्टरकडून हवं होतं. कंडक्टर आधी चिडला, मग विचारात पडला, आणि शेवटी खाली उतरून त्यानं दोन उतारूंना विचारलं. गाडी उशिरा पोचली, पण कुणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही. खरं तर त्यांना सगळेच भीत, आणि कुणालाच त्यांना टाळावंसं वाटत नसे.

पहिल्या सहामाहीत त्यांनी आम्हाला निबंध लिहायला दिला, 'आमच्या गावचं एक काम'. दिवाळीच्या आधी कागद परत आले. आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी शेवटचं पान उलटलं. आकडा नव्हता. पहिल्या पानावर नव्हता, मागे नव्हता. समासात मात्र पेन्सिलीनं लिहिलेले प्रश्न होते. माझ्या कागदावर अकरा.

खापर गावचा एक मुलगा आमच्या वर्गात धीट समजला जाई. तो उभा राहिला. "सर, पास का नापास?"

"तुमच्या घरची कपाशीची गाडी बाजारात जाते ना?" सरांनी विचारलं.

"जाते, सर."

"व्यापारी काय करतो?"

"गाडीत हात घालून मूठभर कापूस काढतो. धागा ओढून पाहतो. खोड काढतो."

"आणि तुमचे वडील मुकाट्यानं ऐकून घेतात?"

मुलगा हसला. "कसले ऐकतात सर. ते दुसरी मूठ काढून त्याच्या नाकासमोर धरतात. भांडतात."

"मग मी तुमच्या गाडीतून इतक्या मुठी काढल्या तर तुम्ही फक्त भाव काय विचारता? भांडा की."

असा त्यांचा नियम सुरू झाला. आकडा त्यांच्या छोट्या वहीत बंद. प्रत्येक प्रश्नाला आपण लेखी जबाब द्यायचा. घरी विचारा, शेतात जा, पुस्तक उघडा, नाहीतर सरांचा प्रश्नच कसा फोल आहे ते दाखवून द्या. जबाब पटला की सर खिशातून खोडरबर काढत, आपला प्रश्न आपल्या हातानं पुसत आणि पुसल्या जागी बारीक सही करत. आपला प्रश्न पुसताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे, तो मी नंतर कुठल्याही मास्तरच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. आणि मी स्वतः पस्तीस वर्षं मास्तरकी केली आहे. सगळे जबाब झाले की मग आकडा सांगत. वर्षाअखेरीस कुणी सरांचं किती रबर झिजवलं यावर पोरांच्या पैजा लागत.

मला मात्र त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला. कारण मला आकडा लागत होता, आणि तोही दिवाळीच्या सुट्टीत घरी पोचायच्या आत.

आमचं गाव तापीकाठचं. नंदुरबारला मी मावशीकडे राहायची. वर्गात मुली चारच, आणि आमच्या गावातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठवताना सगळ्यांसमोर अट घातली होती. "दिवाईले मार्क दखाड. पन्नासना वर व्हई ते पुढे शिक. खाले व्हई ते आखाजीले सुपारी फोडसूत." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि शहाद्याकडचं एक स्थळ तयारच होतं. केळीची बागायत, माणसं मोजकी, मुलगाही बरा. त्याच्यात नाव ठेवायला मला काही सापडत नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती. नुसतं 'मला शिकायचं आहे' एवढं म्हणून आमच्याकडे तेव्हा कुठलं स्थळ मोडत नसे.

एस. टी. त बसले तेव्हा कागद मांडीवर होता. सरांचे प्रश्न पेन्सिलीत, माझ्याकडेही पेन्सिल. प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल यायच्या आत मी शेवटच्या पानाखाली आकडा घातला, अठ्ठावन्न. त्याला गोलही केला. पूल ओलांडताना नदीकडे बघायची माझी सवय होती, त्या दिवशी बघितलं नाही.

आबा चौथी शिकलेले. ओसरीतल्या खाटेवर बसून त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. आकडा पाहिला, मान हलवली. मग समासावरून बोट फिरवत वर गेले.

"हाई काय शे?"

"सरना सवाल शेत, आबा."

त्यांनी बोटानं मोजले. "अकरा. व्यापारीनी मन्ही गाडीमा अकरा खोडी काढ्यात ते तो माले वरना भाव देई का?" आबांनी कागद माझ्याकडे दिला. आकड्याबद्दल पुढे एक अक्षर बोलले नाहीत. "वाच. काय इचारस तुन्हा मास्तर, ऐकू दे."

मी कापूस वेचणीवर लिहिलं होतं. लहानपणापासून मायबरोबर वेचणीला गेलेली मी, पण लिहिताना मला आमचं शेत दिसेना. शाळेच्या पुस्तकात असतात तशी वाक्यं तेवढी आठवली. 'पहाटेच्या मंगल समयी ग्रामस्त्रिया हर्षाने कापूस वेचण्यास निघतात.' एवढ्या एका ओळीला सरांनी तीन प्रश्न लावले होते. पहिला, पहाटे म्हणजे किती वाजता? दुसरा, दहिवर पडलेलं असताना कापूस वेचतात का? तिसरा, हर्षाने, कशावरून?

"बरोबर इचारस," आबा म्हणाले. "दहिवरमा कोन वेचस? कापूस वला व्हस. उन तापनं का मंग वेचतस."

"तुम्ही कव्हय वेचा?"

हा आवाज आतून आला. माय चुलीपाशी भाकरी थापत होती. आबांसमोर ती सहसा मध्ये बोलत नसे. हात तसाच पिठाचा घेऊन ती दारात आली. "उन तापनं का पाला कुरकुरा व्हस. हात लावा का त्याना चुरा व्हईसन कापूसले चिटकस. मंग बाजारमा तोच चुरा दखाडतस तुम्हले."

"मंग कव्हय वेचतस?" आबांनी विचारलं. घरात इतकी वर्षं कापूस येत होता, पण हा प्रश्न त्यांनी तिला बहुधा पहिल्यांदाच विचारला असावा.

मायनं क्षणभर विचार केला. "वावरमा शिरो का लुगडाना काठ वला व्हस. चालता चालता तो काठ वला व्हवाना बंद व्हयना, का मंग हात लावाना. तठून ते पाला वाजाले लागस तवलोंग. तितलाच येळ."

मी लिहून घ्यायला लागले. माझ्या शेजारी वर्षानुवर्षं वावरत असलेल्या बाईला घड्याळाशिवाय वेळ कळत होती आणि मी 'मंगल समयी' लिहून मोकळी झाले होते. मला स्वतःची लाज वाटली. कधी नव्हे इतकी उत्सुकताही वाटली की हिला आणखी काय काय ठाऊक आहे.

"आन तो तिसरा सवाल?" मायनं विचारलं.

"हर्षाने जातस का, असं इचारस."

माय इतकी हसली की पिठाचा हात तोंडाला लागला. "कंबर मोडी जास म्हना त्याले. पन गाना म्हनतस. गाना म्हनं का कंबर जरा कमी दुखस."

सुट्टी संपेपर्यंत अकरा जबाब झाले. त्यातले सात मायचे होते, दोन आबांचे, दोन माझे.

कॉलेज उघडल्यावर मी कागद सरांच्या टेबलावर ठेवला. आकडा पुसायचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. पुसायचा धीर झाला नव्हता. घरच्यांनी पाहिलेला आकडा पुसला तर घरी काय दाखवणार होते?

सरांनी जबाब वाचले. खोडरबर एकदा निघालं, दोनदा निघालं. लुगड्याच्या काठापाशी ते बराच वेळ थांबले. मग शेवटचं पान आलं. गोलातल्या अठ्ठावन्नकडे त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. दोऱ्याची पेन्सिल हातात घेतली आणि आकड्याशेजारी लिहिलं, 'कशावरून?'

"हा बारावा," असं म्हणून कागद परत दिला.

बाराव्या प्रश्नाचा जबाब मी सगळ्यांत लांब लिहिला. आबांची अट लिहिली, शहाद्याकडचं स्थळ लिहिलं, मुलगा बरा आहे हेही लिहिलं. आकडा अठ्ठावन्नच का, याचंही कारण दिलं. पन्नास-एकावन्न घातले असते तर संशय आला असता, आणि साठ घालायला हात धजला नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी ते खिडकीपाशी उभं राहून वाचलं. मला वाटलं, आता प्राचार्यांकडे पाठवणार. त्यांनी खिशातून खोडरबर काढलं आणि माझ्या हातात दिलं. ते दुसऱ्या कुणाच्या हातात गेल्याचं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

"तुमचा आहे, तुम्ही खोडा."

मी खोडला. मग त्यांनी वही उघडली. "पहिल्या वाचनाला सत्तेचाळीस होते. जबाबांसकट एकावन्न." तो आकडा कागदावर घातला आणि वही मिटता मिटता म्हणाले, "वरचे चार तुमच्या आईंचे आहेत. त्यांना तसं सांगा."

शनिवारी मी घरी गेले. आबांनी शेवटचं पान पाहिलं. अठ्ठावन्नाच्या जागी कागद जरा खरवडला होता, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "अठ्ठावन कोठे गयं?"

"ते मी लिखेल व्हतं, आबा."

"माले ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "एकावन तुन्हा मास्तरना शेत?"

"त्यानाच शेत. त्यामा चार मायना शेत."

माय आतून बाहेर आली. "मन्हा?" तिनं मला ते दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, "आते काय इचारस तो?"

सरांनी तिच्या जबाबाखाली लिहिलं होतं, 'माझा प्रश्न अपुरा होता. आईंना विचारा, काठ कोरडा राहू लागला हे आधी पायाला कळतं की हाताला?' रविवारी उजाडल्यापासून दहिवर उडेपर्यंत माय शेतात जा-ये करत होती. संध्याकाळी म्हणाली, "पायले." पुढे दर पंधरवड्याला माझ्या कागदातून असे प्रश्न येत आणि जबाब जात. मी मधली टपालवाली. शनिवारी माझी गाडी उशिरा आली तर माय फाट्यापर्यंत येऊन उभी राही, आणि ती माझ्यासाठी आलेली नाही हे मला पक्कं कळत असे.

दुसऱ्यांचे प्रश्न घ्यायची तयारी सरांची स्वतःची किती होती, ते मी तोरणमाळला पाहिलं. आमची सहल होती. चढण चढताना त्यांनी मोहाची फुलं वाळत घालणाऱ्या एका आजीला गाठलं. फुलं कधी वेचता, किती दिवस वाळवता, पावसाळ्यात कुठे ठेवता, काही सोडलं नाही. आमच्यातला डोंगरातला एक मुलगा तिची पावरी बोली आम्हाला समजावून सांगत होता. आजीनं सगळे जबाब दिले आणि शेवटी एकच विचारलं. मुलगा सांगायला कचरला. सर म्हणाले, "सांगा, सांगा."

"ती विचारते, हे सगळं विचारून तुम्ही काय करणार?"

सरांनी दोऱ्याची पेन्सिल उचलली आणि तो प्रश्न वहीत लिहून घेतला. सोमवारी फळ्यावर तोच प्रश्न लिहिला, खाली 'तोरणमाळच्या आजी' असं लिहिलं आणि आम्हाला निबंधाला दिला. स्वतःही एक लिहिला आणि आमच्या गठ्ठ्यात ठेवला, समास कोरा सोडून. आम्ही त्यात चौदा प्रश्न काढले. त्यांनी पुढचे दोन महिने जबाब दिले. चार प्रश्न मात्र शेवटपर्यंत तसेच राहिले. ते पुसायला त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आखाजी आली. गावात झोके बांधले, पोरींची गाणी सुरू झाली आणि शहाद्याकडची माणसं घरी आली. मातीच्या खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आंब्याचा रस झाला. मी आत उंबऱ्याशी उभी होते. एकावन्न म्हणजे पन्नासच्या वर, पण एकानंच. आबा शब्दाचे पक्के असले तरी पाहुण्यांसमोर त्यांचं काय होईल याचा मला भरवसा नव्हता. पाहुण्यांनी विषय काढला, तेव्हा आबांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आतूनच म्हणाली, "आते नही. त्या मास्तरना जबाब बाकी शेत आमना."

पाहुण्यांना काही उमगलं नाही. आबा हसले आणि त्यांनी रसाची आणखी एकेक वाटी पुढे केली. स्थळ गेलं.

मी शेवटच्या वर्षाला असताना सर कॉलेज सोडून गेले. गुणांची नोंदवही ते वेळेवर देत नसत, त्यावरून काही बोलाचाली झाली, असं ऐकलं. खरंखोटं माहीत नाही. दिवाळीनंतर कॉलेज उघडलं तर तेलघाण्यामागच्या खोलीला कुलूप होतं. माझ्या शेवटच्या कागदावर त्यांनी मायला एक प्रश्न ठेवला होता, 'ओटी कापसानं भरत आली की कोणत्या अंगाला वाकता?' मायनं जबाब तयार ठेवला होता. "कोठे धाडू?" ती मला विचारत राहिली. पत्ता कुणाकडेच नव्हता.

मग बी. ए. चा निकाल लागला. पुण्याहून गुणपत्रिका आली, जाड कागदाची, शिक्का मारलेली. दुसरा वर्ग. आबांनी ती दारात उभं राहून दोनदा वाचली, तिसऱ्यांदा शेजाऱ्याला वाचून दाखवली आणि गूळ वाटायला निघाले. गावातली पहिली बी. ए. पोरगी त्यांची होती. मी मायला ओसरीत बसवलं आणि एकेका विषयाचे गुण सांगितले. तिनं सगळे नीट ऐकून घेतले.

"आन सवाल?"

"यामा सवाल नसतस, माय. निस्ता मार्क ऱ्हातस."

तिला ते पटलं नाही. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, समासावरून बोट फिरवलं, मग उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. तिनं तो पुन्हा सुलटा केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग कोनी वाचंच नही का?"